कमरेच्या वरची पात

पौषात दादर खालून पिवळी पडायला लागते. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली हिवाळ्याची ज्वारी. आधी बुडातली दोन पानं जातात, मग त्यांच्या वरची, आणि तो पिवळेपणा असा एकेक पेर चढत वर येतो. गुडघे दुखणारं माणूस जिना चढतं ना, तसा, थांबत थांबत. वर कणीस मात्र त्याच दिवसांत भरत असतं. मी हल्ली देवपुरात लेकीकडे असते. मागच्या दारी पाट टाकून बसलं की पांझरेच्या काठचा दादरचा एक तुकडा दिसतो. कोणाचा आहे, ठाऊक नाही. सकाळचं ऊन पाठीवर घेत मी तिथे बसते आणि आज पिवळेपणा कुठवर आला ते बघते. घरात जावई मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात, स्वराज्य येणार, आता नक्की येणार, असं सगळं असतं त्यात. मी हूं हूं म्हणते. ऐकू येतं, पण मन त्या तुकड्यात असतं.

परवा त्या तुकड्यात एक बाई पाती काढायला आली. पाती काढणं म्हणजे उभ्या ज्वारीची खालची पानं ओरबाडून गुरांसाठी पेंढ्या बांधणं. ज्या वर्षी चारा कमी, त्या वर्षी हे करावं लागतं. बाईचा हात कुठवर जातो ते मी बघत राहिले. इतकी बघत राहिले की तिनेच विचारलं, "काय मावशी, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, चालू दे तुझं." तिचा हात गुडघ्यापाशीच फिरत होता. शहाणी होती.

काही हरवलं का, म्हणे. आता काय सांगणार तिला.

ते वर्ष शांताच्या, माझ्या या लेकीच्या, जन्माचं. आमचं गाव पारोळ्यापासून पायी दुपारभराच्या वाटेवर. पावसाने त्या वर्षी भाद्रपदातच पाठ फिरवली. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तिचा कडबा दिवाळी यायच्या आत बैलांनी संपवला. राहिली ती काळ्या रानातली दादर. जमिनीच्या पोटात जी ओल होती तिच्यावर ती उगवली, तिच्यावरच उभी राहिली. एरवी दादर अशी वाढते की आत शिरलेला माणूस दिसत नाही. त्या वर्षी माझ्या छातीला लागत होती.

दिवाळी झाली आणि शांताचे वडील धरणगावला गेले. तिथे कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामात माणसं लागत. जाताना त्यांनी आईला, म्हणजे माझ्या सासूला, सांगितलं ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. "दादर घरी आली तर मी होळीले येस आणि मंग जात नही. नही आली तर वरीस तिकडेच काढनं पडी." बस, एवढंच. शांता तेव्हा दीड महिन्यांची होती. त्यांनी तिच्या टाळूवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं आणि गेले. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यातले ते घरी किती दिवस होते ते मी बोटांवर मोजायची.

म्हणजे माझ्यापुरतं सगळं त्या दादरवर होतं. कणीस भरलं तर माणूस घरी, नाही भरलं तर नाही.

सासू नात्याने माझी सख्खी आत्या, म्हणून मी तिला आत्याबाईच म्हणायची. अंगाने ठेंगणी, सुपारीएवढी, पण पायांत भिंगरी. आणि मी ही अशी उंच. शेजारची देवकाअक्का पहिल्या दिवसापासून म्हणायची, "तुनी सून ताड शे, ताड. छप्पर शाकारायले शिडी नको." आत्याबाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तुनी सुनले मडकं उतरायले बी शिडी लागस." एवढ्यावर दोघींचं भागायचं.

पौषात बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. आत्याबाई म्हणाली, पाती काढायला घेऊ. शेताच्या मधून पाण्याची एक जुनी चर गेली होती. तिच्या पूर्वेकडचं रान माझ्याकडे, पश्चिमेकडचं तिने घेतलं. आणि पहिल्याच दिवशी, कडेच्या ज्वारीच्या ताटापाशी उभी राहून तिने मला नियम सांगितला. "कंबरना वर हात नको नेऊ, पोरी. कंबरना खाले शे ते ढोरस्नं. वर शे ते आपलं."

हा नियम तिला तिच्या सासूने सांगितलेला. तिच्या सासूला आणखी कोणी. माझ्या माहेरी कापसाचं रान, मला पाती काढणं नवं. मी मान डोलवली.

थंडी अशी असायची की पानावरचं दव बोटांच्या चिरांत शिरून झोंबायचं. ज्वारीच्या पानाला धार असते, मनगटावर बारीक रेघा उठायच्या. शांताला मी बांधावरच्या बाभळीला झोळी करून तिच्यात निजवायची. ती रडली की जायचं, पाजायचं, पुन्हा यायचं. पाठ अशी दुखायची, की काय सांगू. बाळंतपणाला तीन महिने झाले होते, शेक-शेगडी जेमतेम झाली होती. बुडाशी वाकून चार पानं ओरबाडली की कण्यातून कळ निघून मानेपर्यंत जायची. बुडातली पानं तर वाळून कोळ झालेली, हाताला लागताच चुरा. बैल तोंड लावून सोडून द्यायचे. वरची पानं मात्र अर्धी हिरवी, लवचिक. उभ्या उभ्या हाताला यायची. मी तिथेच हात घातला. कमरेच्या खालीच होती ती. माझ्या कमरेच्या.

संध्याकाळी माझ्या पेंढ्या आत्याबाईपेक्षा दुप्पट असायच्या. बैल माझ्या पेंढ्यांवर तुटून पडायचे. आत्याबाई एकदा म्हणाली, "हात चांगला शे तुना." मला कोणी फारसं चांगलं म्हणालेलं नव्हतं तोवर. त्या रात्री पाठ कमी दुखली.

धरणगावहून महिन्याला एक कार्ड यायचं. मला वाचता येत नव्हतं, आत्याबाईलाही नाही. गल्लीच्या तोंडाशी नाना शिंपी बसायचे, मशीन थांबवून ते कार्ड वाचून दाखवत. कार्डात तेच. तब्येत बरी, जिनात धूळ फार, रात्री खोकला येतो, दादर कशी आहे. शेवटी विचारलेलं असायचं, निसवली का, म्हणजे कणीस बाहेर पडलं का? भरली का? नाना विचारायचे, "काय लिहू उत्तर?" आत्याबाई म्हणायची, "लिख, निसवनी. लिख, भरी ऱ्हायनी म्हणावं, होळीले ये." मी ते कार्ड परत घेऊन घरी यायची आणि कोणी नसताना अक्षरांकडे बघत बसायची. दादर कुठे लिहिलंय ते नानांनी बोट ठेवून दाखवलं होतं. त्या एका शब्दाची तीन अक्षरं मला पहिल्यांदा आली. बाकीची पुढे त्यातूनच सुटत गेली, एकेक करून, मला शाळा अशी कधी मिळाली नाही. म्हणून माझं लिहिणं हे असं बोलल्यासारखं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आता मधेच दुसरं सांगते, कारण ते मागच्याच आठवड्यात झालं आणि तेव्हापासून झोप नीट नाही.

शांता इथे मुलींच्या शाळेत शिकवते. पानाचा धडा होता, मुलींना करून दाखवायच्या आधी तिला घरी करून बघायचं होतं. म्हणाली, "आई, त्या तुकड्यातून तीन पानं मागून आण ना. एक वरचं, एक मधलं, एक बुडातलं पिवळं." आणली. दुपारी आणली, कारण ती म्हणाली ऊन खाल्लेली हवीत. तिने पानं आधी उकळत्या पाण्यात बुडवली. मग वाटीत स्पिरिट घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि तिच्यात पानं सोडली. चूल विझवून हां, स्पिरिट पेट घेतं म्हणे. हळूहळू पानांचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि पानं धुतल्या फडक्यासारखी फिकट झाली. मग ताटलीत पसरून तिने वरून जखमेवर लावायचं आयोडिन थेंब थेंब टाकलं.

वरचं पान काळंनिळं झालं. बघता बघता, देठापासून टोकापर्यंत. बुडातलं पिवळं पान तसंच राहिलं, आयोडिनचा तांबूस डाग पडला तेवढाच.

"काळं झालं तिथे पिठासारखं अन्न तयार झालंय," शांता म्हणाली. "पानातला हिरवा रंग उन्हाच्या जोरावर हवा आणि पाणी यांचं अन्न करतो. तेच कणसात जातं. पान म्हातारं झालं की हिरवा रंग मोडतो, काम बंद पडतं. जाता जाता जवळ होतं ते वर पाठवून देतं. मग उरते ती नुसती पात."

"आणि मधलं?" मी विचारलं.

मधल्या पानाचं टोक पिवळं पडलेलं होतं. तेवढं टोक तांबूस राहिलं. बाकीचं सगळं पान काळं.

"ते अजून कामाचं आहे," ती म्हणाली. "अर्धं म्हातारं दिसतं, पण राबतंय. एकदा कणीस निसवलं की नवं पान काही येत नाही. आहेत त्या वरच्या चार-पाच पानांनीच दाणा भरायचा. पाणी कमी पडलं की तीही लवकर म्हातारी होतात, म्हणून दुष्काळात दाणा बारीक. आई, हात काढ, पातेलं गरम आहे."

मी हात काढला. ताटलीतलं ते मधलं पान मी पुष्कळ वेळ बघत होते. तशा पानांच्या मी किती पेंढ्या बांधल्या असतील, त्याचा हिशेब लागत नाही.

आमच्या वेळी हे असं कोणी सांगितलं नाही, पण आत्याबाईला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. तिच्या नियमात ते सगळं होतं. दादर डोक्याच्या वर वाढली की ठेंगण्या बाईच्या कमरेखाली जी पानं येतात ती दमलेली, सावलीतली, काम संपलेली असतात. ती काढली तर कणसाला कळतही नाही. पण तो नियम चांगल्या वर्षाचा होता आणि तिच्या अंगाचा होता. दादर छातीएवढी आणि बाई ताडासारखी, हे तो नियम ज्याने केला त्याच्या ध्यानात कुठून येणार. माझी कंबर जिथे होती तिथून वर त्या ताटांना दोन पानं उरली होती. काहींना एकच.

आणि म्हातारपणाचं म्हणाल तर मला लोक पिकलं पान म्हणतात. म्हणू देत. पण पिकलेल्या पानाला कोणी हिरव्याची कामं सांगत नाही, आणि मी अजून दोन्ही वेळची भांडी घासते. असो.

माघात हुरड्याचे दिवस आले. दाणा दुधातून निघून घट्ट व्हायला लागतो तेव्हा कणीस भाजून हातावर चोळायचं, तो हुरडा. आत्याबाईने तिच्या रानातलं एक कणीस आणलं, एक माझ्यातलं. गोवऱ्यांच्या आरात दोन्ही भाजली. तिच्या कणसाचे दाणे तळहातावर टपटप पडले, हिरवे, गोल, चांदणीसारखे. फार मोठे नाहीत, पण भरलेले. माझ्या कणसाला तिने चोळलं तर हातात भुसकटच जास्त. दाणे होते, पण चपटे, पोटात काही नसल्यासारखे. तिने फुंकर मारली तर अर्धे उडून गेले.

ती उठून चर ओलांडून माझ्या रानात गेली. मी मागे. एका ताटापाशी उभी राहिली, खालून वर बघत गेली. मग माझ्याकडे वळली आणि तिने तिचा हात माझ्या कमरेवर ठेवला. तोच हात तसाच आडवा स्वतःकडे नेला. तो तिच्या बरगड्यांना लागला.

"मी मनी कंबर सांगेल व्हती," ती म्हणाली. "तुनी नही."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. ती खाली बसली, धसकन, बांधावर. आणि म्हणाली, "मीच देखाले पायजे व्हतं." झोळीत शांता जागी झाली होती, रडत नव्हती, बाभळीकडे बघून हातपाय हलवत होती.

कापणीला गल्लीतल्या बाया आल्या, देवकाअक्काही आली. आत्याबाईने त्या दिवशी पहाटेपासून घाई लावली. माझ्या रानातली कणसं आधी खुडून घेतली, तिची वरून टाकली, एकच रास. खळ्यावर बैल फिरले तेव्हा सगळं एक झालेलं. उफणायला आत्याबाई तिवईवर चढली, मी खालून सूप भरून देत होते. वारा चांगला होता. दाणा समोर पडायचा, पण त्याच्यापलीकडे जिथे नुसता भुसा पडायला हवा तिथेही दाणेच होते, हलके, चपटे. देवकाअक्काने मूठभर उचलून बघितले. "का वं, अर्धा दाना भरेल आणि अर्धा पोचा? एकच रान ना हाई?"

"वारं लागनं," आत्याबाई तिवईवरून म्हणाली. "निसवताना वारं लागनं."

"मना रानले नही लागनं."

"तुना रानले तूच लागेल शेस. वारं कशाले येई?"

बाया हसल्या. देवकाअक्काही हसली. कोणाच्या रानातलं कोणतं, हे त्यानंतर कोणी विचारलं नाही. आत्याबाई गेली तोवर हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. म्हणजे, तिघांना. तेच सांगते.

होळीला शांताचे वडील आले. अंगावर कापसाचे तंतू अडकलेले, भुवयांतही. खोकत होते. कोठीत डोकावले आणि दादर किती आली ते त्यांनी डोळ्यांनीच ओळखलं. आत्याबाईने त्यांनाही वारं लागल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. रात्री होळी पेटली, नारळ टाकले, पोरांनी बोंबा मारल्या. सकाळी त्यांनी गाठोडं बांधायला घेतलं. दादर वर्षाला पुरणार नव्हती, आणि रजा दोनच दिवसांची होती.

मी ताकाचा गडू घेऊन त्यांच्याजवळ गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. आत्याबाईने माझ्यावर पांघरूण घातलं होतं ते मला दिवसरात्र गरम होत होतं. मी सांगितलं. वारं नव्हतं लागलं. आत्याबाईने कमरेचं माप दिलं, मी माझ्या कमरेने धरलं, हिरवी पानं गेली, म्हणून पूर्वेकडचं पोचं राहिलं. एका दमात सांगितलं, मान खाली घालून.

ते ताक प्यायले. गडू खाली ठेवला. माझ्याकडे खालून वर बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश, आणि म्हणाले, "उंच बायको करानी चूक मनी शे. तुनी नही."

आणि हसले. मीही हसले. इतक्या महिन्यांनी आम्ही दोघं एकत्र हसत होतो, आणि ते हसणं मला मोडवलं नाही. म्हणून पुढचं राहिलं. मी बुडाशी वाकून बघू शकले असते. ताटाला किती पानं उरतात ते दिसत होतं, मी आंधळी नव्हते. पहिल्या दोन दिवसांतच मला वाटलं होतं की हे फार वर चाललंय, आत्याबाईला विचारावं. नाही विचारलं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, वाक. आणि माझ्याने वाकवत नव्हतं. मी दमले होते. एवढं साधं होतं ते, आणि एवढंच मी बोलले नाही. पुढे ते परत आले, दीड वर्षाने, खोकला घेऊन आले, मग पंधरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. आत्याबाई गेल्यावर घरी कोणी पाहुणा आला की ते त्याला उंच बायकोची गोष्ट सांगायचे. तो हसायचा. मी चहा ठेवायची.

त्या सकाळी ते निघाले तेव्हा आत्याबाई वेशीपर्यंत गेली. मी गेले नाही. शांताला पाठीला बांधलं आणि रानात गेले, पूर्वेकडच्या. कापणीनंतर धसकटं राहिली होती, ती उपटायची होती. पारोळ्याची वाट तिथून सगळी दिसते, पार लांबच्या वळणापर्यंत. पण धसकट उभ्याने निघत नाही. बाई उंच असो की ठेंगणी, पार मातीपर्यंत वाकावं लागतं, दोन्ही हातांनी धरावं लागतं. पाठीवर शांता, कण्यात कळ. एक उपटलं, माती झटकली, दुसरं धरलं. एक ओळ संपेपर्यंत मान वर करायची नाही असं मी ठरवलं होतं. ओळ संपली आणि मी पाठ सरळ केली, तेव्हा वाट मोकळी होती.